नदीने वाळू कुठे टाकली?

(दृश्य: देवबागचं टोक, ओहोटी)

देवबागच्या टोकाला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला कर्ली नदी, उजवीकडे अरबी समुद्र, पायाखाली चिंचोळी पुळण. ओहोटीच्या पाण्याने वाळूची कड उभी कापली आहे. वाकून बघा, त्या हातभर कडेत तिरप्या रेघा दिसतात. पाण्याने एकावर एक लोटलेले थर आहेत ते. मूठभर घेऊन चोळली की वाळू करकरते. खाडीत आत, कांदळवनाकडे गेलात की मात्र पाय घोटाभर चिखलात रुततो. पाण्याचा जोर मोडतो तिथे जड वाळू आधी बसते, हलका चिखल निवांत पाण्यापर्यंत वाहत जातो.

कोकणच्या बहुतेक नद्या सह्याद्रीतून धावत येऊन खाडीत शिरतात. त्यांचा गाळ लाटा आणि भरती-ओहोटी पसरून टाकतात, म्हणून इथे त्रिभुज प्रदेश साठत नाही. सरोवराला अशी भरती नसते. तिथे नदीच्या मुखाशी वाळूचा पंखा टिकतो. पाणी वाढलं की मागे सरतो, ओसरलं की पुढे. त्यामुळे तिथली वाळू पातळ, दोन चिखलांमध्ये दाबलेली. चीनच्या ईशान्येला क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोर होते तेव्हा, असं एक अवाढव्य सरोवर होतं. तळच्या चिखलात गाडलेल्या शेवाळापासून तेल झालं, ते वालुकाश्मात साठलं, आणि १९५९ साली दाचिंगचं तेलक्षेत्र सापडलं. आपल्या मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडकात आहे. ही गोष्ट वाळूतलं तेल शोधायची.

(दृश्य: फणसावर थाप)

फणस तयार झाला की नाही, हे आमच्याकडे ठोकून ओळखतात. जमिनीच्या पोटातलं ओळखायची रीतही आवाजाचीच. जमिनीवर सुरुंग किंवा थरथरवणारे ट्रक, समुद्रात हवेच्या बंदुका. आवाज खाली जातो. खडकाची घनता किंवा त्यातला ध्वनीचा वेग बदलला की त्यातला थोडा परत फिरतो. परतायला लागलेला वेळ मोजून थरांचं चित्र काढतात. हेच सेस्मिक.

खरी अडचण पुढे आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३००० मीटर आणि कंपनं सेकंदाला ३० धरली, तर एक लहर १०० मीटर लांब होते. थर तिच्या पाव भागापेक्षा, म्हणजे २५ मीटरपेक्षा पातळ असला, तर त्याच्या माथ्याचा आणि तळाचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतो. सरोवरातली वाळू कित्येकदा चार-पाच मीटरच. शिवाय खोलवर वाळू आणि चिखल, दोघांचाही दगड झालेला. कधी कधी दोघांचा आवाज सारखाच येतो. नुसता प्रतिध्वनी मोठा दिसला म्हणून विहीर खोदणं म्हणजे पैशांचा चुराडा.

मग आकार वाचायचा. उभ्या छेदात देवबागच्या कडेसारख्या तिरप्या रेघा शोधायच्या, फक्त इथे त्या किलोमीटरभर पसरलेल्या. त्या जिथे वाकून खाली उतरू लागतात, तिथे कधीकाळी सरोवराचा काठ होता. एकाच काळातल्या गाळाची आडवी चकती कापली की फाटे फुटलेली नदी उमटते, हाताच्या पंजासारखी. आधीच्या विहिरींच्या नोंदींशी ती ताडून पाहिली की वाळू कुठे जाड असावी, याचा अंदाज बांधता येतो. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. रेघा संगणक काढून देतो, पण ही नदी आहे हे ओळखायला नदीचं मुख पाहिलेला डोळा लागतो.

(दृश्य: टेबलावर दगडाचा दंडगोल)

शेवटी विहीर खोदतात. खालून दगडाचा दंडगोल वर येतो. त्याचा तुकडा धुऊन, वाळवून त्यावर पाण्याचा थेंब ठेवतात. वाळूच्या कणांमध्ये जागा शिल्लक असेल, तर थेंब बघता बघता मुरतो.