वह्यांच्या गठ्ठ्यातली बासरी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘संगीततज्ज्ञ’ म्हणून करून दिली. तसलं काही नाही. बेळगावात वाद्यांच्या दुकानाच्या काउंटरमागं माझी तीस-पस्तीस वर्षं गेली. पेटीचे भाते चिकटवले, सतारी दुरुस्तीला मिरजेला धाडल्या आणि प्लॅस्टिकचे रेकॉर्डर, म्हणजे उभ्या धरून वाजवायच्या बासऱ्या, डझनावारी विकले. आज बोलायचंय ते या शेवटच्या मालाबद्दल.

मी दुकानात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ आले, “रेकॉर्डर हाय काय?” मी म्हटलं, टेपरेकॉर्डर पलीकडच्या दुकानात. ते गेले आणि पाच मिनिटांत परत आले, तोंड वाकडं करून. खिशातनं शाळेची यादी काढली. दोनशे पानी वह्या सहा, कंपासपेटी, तपकिरी कव्हरचा रोल, रेनकोट आणि शेवटी ‘रेकॉर्डर, एक नग’. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपल्याकडं हे वाद्य वाद्य म्हणून विकलंच जात नाही. ते वह्या-पुस्तकांबरोबर विकलं जातं. जूनमध्ये गिऱ्हाइकांची झुंबड, ऑगस्टला शुकशुकाट, दिवाळीनंतर कुणी नावही काढत नाही. सतार घ्यायला येणारा माणूस चार सतारी छेडून बघतो. रेकॉर्डर घ्यायला येणारा पहिल्यांदा किंमत विचारतो, मग “ह्यातच निळा रंग आहे का?” असं विचारतो. फुंकून बघू का, असं विचारणारा मला क्वचितच भेटला. फुंकू देणं आम्हालाही परवडत नव्हतं म्हणा. उष्टा माल कोण घेणार?

नावाचा घोळ मात्र त्या गृहस्थांचा एकट्याचा नव्हे. ‘रेकॉर्ड’ शब्दाचा जुना अर्थ पाठ करणं, घोकणं. त्यावरनं हे नाव आलं, यंत्राशी त्याचा संबंध नाही. जर्मन लोक त्याला ठोकळ्याची बासरी म्हणतात आणि फ्रेंच लोक चोचीची. दोन्ही नावं आपल्या धनगराला लगेच पटतील, कारण अलगूज हीच वस्तू आहे. नळीच्या तोंडात लाकडाचा तुकडा ठोकलेला, त्याच्या वर श्वास जायला एक चिंचोळी फट, आणि पुढं खिडकीची धार. श्वास त्या धारेवर आपोआप जाऊन आदळतो. आडव्या बासरीत हे काम ओठांना करावं लागतं. म्हणून सौंदत्तीच्या जत्रेतनं हौसेनं आणलेल्या बासरीवर पोरगं आठ दिवस नुसतं ‘फूऽऽ’ करतं आणि मग ती माळ्यावर जाते. रेकॉर्डर पहिल्या फुंकेला वाजतो. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

दुसरी गोष्ट साच्याची. बांबूची प्रत्येक नळी निराळी. चांगल्या बासरीला लांब पेराचा, पातळ सालीचा बांबू लागतो आणि तो बराचसा आसामकडून येतो. आपल्या खानापूरच्या रानातला बुट्ट्या-सुपांना बरा. कारागीर एकेक भोक पाडत, वाजवून बघत, कानसत स्वर जुळवतो. अशा चाळीस बासऱ्या एका सुरात मिळवायच्या तर किती दिवस आणि किती पैसे लागतील ते बघा. प्लॅस्टिकच्या साच्यातनं मात्र चाळीस नव्हे, चाळीस हजार नग एकाच मापाचे पडतात. वर्गाला नेमकं तेच हवं असतं.

पण हे वाद्य मुळात शाळेसाठी जन्मलेलं नाही. जर्मन संगीतकार बाखच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, युरोपात ते मोठ्या मानाचं होतं. पुढं वाद्यवृंद वाढले, त्यांच्यात याचा आवाज पुरेना, आणि आडव्या फ्लूटनं त्याला बाजूला सारलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात आर्नल्ड डोलमेच नावाच्या वाद्यकारानं ते पुन्हा वर काढलं. १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्यांचा जुना रेकॉर्डर असलेली पिशवी हरवली, म्हणून त्यांनी स्वतःच नवा बनवायला घेतला. आपल्या बेळगाव स्टेशनावर छत्री हरवली तर आपण दुसरी विकत घेतो. त्यांनी तसं केलं असतं तर मला आज भाषणाला विषय मिळाला नसता. पुढं १९३०च्या दशकात तिकडच्या शाळांत तो शिरला, दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचा झाला आणि मग त्याला धरबंद राहिला नाही. जपानात तिसरीतली पोरं त्यावर शिकतात, त्यामुळं यामाहा, औलोस या तिथल्याच कंपन्यांचा माल जगभर चालतो.

आता माझ्या हातनं झालेली चूक सांगतो. तालुक्यातल्या एका शाळेनं साठ नगांची ऑर्डर दिली. एका खोक्यात चाळीस होते, उरलेले वीस दुसऱ्या खोक्यातनं काढून दिले. दिसायला अगदी तसेच, पांढरे-तपकिरी. गॅदरिंगला मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल-नारळ दिला. साठ पोरं उभी राहिली. सा झाला, रे झाला, ग सुरेख लागला. ‘म’ आला आणि चाळीस पोरं एका जागी, वीस पोरं जरा वर. शुद्धही नव्हे, तीव्रही नव्हे, दोहोंच्या मधे कुठंतरी अडकलेला मध्यम. अंगावर काटा आला. पडदा पडल्यावर गुरुजींनी एका पाचवीतल्या पोरीला फैलावर घेतलं, की तू घरी रियाज करत नाहीस. ती मान खाली घालून उभी. मी तिच्या हातातला रेकॉर्डर घेतला, उलटसुलट करून बघितला आणि मला घाम फुटला. तिनं फळ्यावरच्या तक्त्याप्रमाणे बरोबर बोटं ठेवली होती. वाद्यच दुसऱ्या जातीचं होतं, आणि ते मी दिलेलं होतं.

झालं काय होतं, की रेकॉर्डरच्या बोटांच्या दोन पद्धती आहेत. मूळची बरोक पद्धत, बाखच्या काळच्या शैलीवरनं नाव पडलेली. तिच्यात सगळी भोकं बंद असताना सा धरला, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, पांढरी एक, धरली, तर खालनं एकेक बोट उचलत रे, ग येतात. पण मध्यमाला खालची बोटं पुन्हा झाकावी लागतात, मधलं एक भोक उघडं ठेवून. १९२०च्या दशकात पीटर हार्लान या जर्मन वाद्यकाराला वाटलं, पोरांना हा कुटाणा कशाला? त्यानं भोकांची मापं बदलली आणि मध्यम सरळ बोट उचलून यायला लागला. ही जर्मन पद्धत. माझे ते वीस नग बरोक होते आणि फळ्यावरचा तक्ता जर्मन, म्हणून त्यांचा मध्यम चढला. फुकट मात्र काही मिळत नाही. मध्यम सोपा झाला आणि त्याच्या शेजारचा तीव्र मध्यम बिघडला. नवशिक्याचा पहिला महिना सुखाचा जातो आणि पुढच्या सगळ्या वर्षांना त्याचा भुर्दंड. मला विचाराल तर हा सौदा तोट्याचा आहे. तरी दुकानात जर्मनच जास्त खपायचा, कारण मागणारा शिकणारा नसून यादी करणारा असतो.

ओळखायचं कसं? पुढच्या बाजूची भोकं वरून मोजा. पाचवं भोक चौथ्यापेक्षा लहान असेल तर जर्मन, मोठं असेल तर बरोक. पुष्कळ नगांवर मागं जी किंवा बी अक्षरही असतं. यामाहात नंबर २३ जर्मन आणि २४बी बरोक, अगदी सख्ख्या भावंडांसारखे. एका वर्गात दोन्ही शिरू देऊ नका, एवढं तरी गुरुजींनी बघावं.

आणि दुसरं एक सांगतो, ते मला त्या गॅदरिंगनंतर कित्येक वर्षांनी सुचलं. आपण पोरांना पांढरी एकपासनं कशाला शिकवायचं? ती पाश्चात्त्यांच्या पुस्तकाची सोय. डाव्या हाताची तीन बोटं आणि मागं अंगठा ठेवला की येतो तो पांढरी पाचचा स्वर. त्यालाच सा म्हणा. एक बोट उचला, रे. आणखी एक उचला, ग. अंगठा सोडून नुसतं मधलं बोट ठेवा, पंचम. उजवा हात अजून वापरलेलाच नाही. मग सा-च्या बोटांखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवा, मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत. तीन ठेवा, मंद्रातला पंचम. सा, रे, ग, खाली ध, पुन्हा सा. हा भूप राग झाला! भूपात म नाही, नी नाही. पांढरी पाचच्या सा-वर जर्मन पद्धतीत बिघडणारा स्वर म्हणजे नेमका मंद्रातला शुद्ध नी. तोच भूप वगळतो. त्या दिवशी साठ पोरांना भूप दिला असता तर माझ्या दोन खोक्यांची भानगड कुणाच्या कानालाही आली नसती आणि त्या पोरीला बोलणी खावी लागली नसती.

मर्यादाही सांगायला हव्यात. मींड, म्हणजे एका स्वरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यात बेताचीच निघते. हळू वाजवावं तर स्वर उतरतो, जोरात फुंकावं तर चढतो, म्हणून लहान-मोठा आवाज करायची चैन नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसायचं असेल तर पुढं बासरीच धरावी लागेल. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटीही नाही, तेवढाच हातभार. इंग्लंडातसुद्धा हल्ली वर्गात युकुलेले शिरलंय, आपल्याकडं तर कीबोर्ड कधीच आला. तरी पाचसातशे रुपयांच्या आत चाळीस पोरांच्या हातात एकाच सुरातलं दुसरं काय देणार, हे मला कुणी सांगावं.

घेताना काय बघायचं? तीन तुकड्यांचा घ्या, एकसंध नको. खालचा तुकडा थोडा फिरवता आला तरच लहान पोराची करंगळी शेवटच्या भोकावर पोचते. खिडकीच्या धारेवर साच्याचा मळ राहिलाय का, उजेडात धरून बघा. आणि पेटीशी ताडून बघा. चढा असेल तर वरचा तुकडा किंचित बाहेर ओढून उतरवता येतो. उतरलेला नग मात्र वर चढवता येत नाही, तो दुकानातच ठेवा.

जुलैच्या गारठ्यात प्लॅस्टिक थंड पडतं, फटीत वाफेचं पाणी धरतं आणि आवाज घोगरा होतो. पोरगं घाबरतं, आई म्हणते पैसे पाण्यात गेले. काही बिघडलेलं नसतं. वाजवायच्या आधी वरचा तुकडा बगलेत धरून गरम करायचा. अडलाच तर खिडकीवर बोट हलकं ठेवून एक जोराची फुंकर मारायची.

मी चार नग घेऊन आलोय. सगळे एका खोक्यातले, घरून निघताना दोनदा तपासले. पहिल्या रांगेतल्या पोरांनी वर यायचं, आपण भूपाची सुरुवात करू. पण तोंडाला लावायच्या आधी प्रत्येकानं धुऊन घ्यायचा. साबणाच्या पाण्याची बादली तिकडं नळापाशी ठेवलीय.