हरल्यानंतरचा गुरुवार

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा म्हटलं, व्याख्यानमाला वसंतातली आहे, तर वसंतातल्या खेळांवरच बोलते. फक्त हा वसंत आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात मी एकोणीस वर्षं राहिले. तिथे मार्च संपत आला, इकडे चैत्र लागला, तरी मैदानाच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग असतात. त्या गारठ्यात हायस्कूलची मुलं बेसबॉलचा आणि ट्रॅकचा सराव सुरू करतात. ट्रॅक म्हणजे आपलं धावणं, उड्या आणि फेकी, सगळं मिळून. माझा मुलगा बेसबॉलमध्ये होता, मुलगी ट्रॅकमध्ये. दोन्हींचा हंगाम एकच, म्हणून मार्च ते मे आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक असा झालाच नाही. डब्यात पोळीचे रोल आणि मी मैदानावर.

आधी थोडं माझ्या शाळेबद्दल सांगते, नाहीतर मला त्या हंगामाचं एवढं अप्रूप का वाटलं ते कळणार नाही. मी खो-खो खेळायचे. जूनपासून रोज सकाळी सराव. गुडघे सोललेले, आई हळद लावायची. मग तालुक्याची स्पर्धा आली. पहिल्याच फेरीत आम्ही हरलो. सकाळी साडेनऊला सामना सुरू झाला आणि अकराच्या एसटीने आम्ही परत निघालो. संपलं वर्ष. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते, आणि पहिल्या पायरीवर पाय घसरला की पुढच्या जूनची वाट बघायची. मी दहावीत होते, मला पुढचा जून नव्हताच. त्या एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही. चाळीस वर्षं झाली, ती खिडकी अजून आठवते.

ओहायोतल्या आमच्या शाळेचा बेसबॉल संघ एका वर्षी 24 सामने खेळला. नऊ जिंकला, पंधरा हरला. पंधरा! पण मंगळवारी हरलेली पोरं गुरुवारी पुन्हा मैदानावर असायची. मंगळवारी ज्याच्या हातून झेल सुटला, त्याच्याकडे गुरुवारी तसाच झेल यायचा. बाद फेऱ्या तिथेही असतात, पण त्या मे महिन्यात, शेवटी. तोवर सगळ्यांना खेळायला मिळतं. हंगाम या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला.

मी स्कोअरबुक लिहायला लागले ती थंडीमुळे. नुसतं बसून हात गोठायचे, पेन्सिल हलत राहिली की बरं वाटायचं. बेसबॉलच्या वहीची भाषा फार सुंदर आहे. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, तो 1. कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा, तो 2. बेस म्हणजे पळताना एकामागून एक गाठायचे टप्पे, त्यातल्या पहिल्यावरचा 3, दुसऱ्यावरचा 4, तिसऱ्यावरचा 5, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप 6, आणि मागचे तिघे 7, 8, 9. '6-4-3' एवढं लिहिलं की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसकडे दिला, तिथून पहिल्याकडे गेला आणि एका झटक्यात दोन गडी बाद झाले, हे सगळं त्यात आलं. मैदानावर नऊ खेळाडू. आपल्या खो-खोतही नऊच. हे ध्यानात आलं त्या दिवशी उगाचच डोळे भरून आले.

लिहिता लिहिता नियम कळत गेले. व्यावसायिक सामना नऊ डावांचा असतो, शाळेचा सात. व्यावसायिक खेळात एकदा बाहेर बसवलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शाळेत, सुरुवातीच्या संघातला खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो. म्हणजे मधले दोन डाव बाकावरच्या मुलाला देता येतात. पिचरने किती चेंडू टाकायचे यालाही मर्यादा आहे. 2017 च्या हंगामापासून शाळांच्या राष्ट्रीय महासंघाने प्रत्येक राज्याला ती घालायला लावली. कारण सरळ आहे. खांद्यावरून इतक्या जोरात पुन्हा पुन्हा चेंडू फेकला की कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध झिजतो आणि एक दिवस तुटतो. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, आणि ती शस्त्रक्रिया आजही त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. पुढे कोवळ्या वयाच्या मुलांवरही ती करायची वेळ येऊ लागली.

एका सामन्यात आमच्या पिचरची मर्यादा भरली. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे. प्रत्येक डावानंतर दोन्ही संघांच्या वह्यांमधले आकडे ताडून बघतात, त्यामुळे आकडा पक्का होता, आणि तो मीच जाऊन कोचना सांगितला. कोच मैदानात गेले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला, चेंडू काढून घेतला. पोरगा रडत बाहेर आला. तो सामना आम्ही हरलो. त्याची आई माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." मला त्या बाईंबद्दल आजही आदर वाटतो.

ट्रॅकचं जग अगदी वेगळं. बेसबॉलमध्ये निवड चाचणी होते, यादी लागते, नाव नसेल तर घरी. आमच्या शाळेच्या ट्रॅकमध्ये कोणालाच परत पाठवत नसत. येईल तो संघात. माझी मुलगी काही चपळ नव्हती. तिने 3200 मीटर निवडलं, म्हणजे 400 मीटरच्या आठ फेऱ्या. निवडायचं कारण, तिथे गर्दी कमी. पहिल्या स्पर्धेत 15 मिनिटं 12 सेकंद लागले. पहिली आलेली मुलगी पाणी पिऊन, स्वेटर घालून उभी होती आणि आमची अजून एक फेरी धावत होती. माझा जीव अर्धा झाला. पण कुंपणाजवळ दोन्ही शाळांची पोरं उभी राहून तिचं नाव घेत होती. घरी येऊन तिने फ्रिजवर तो आकडा चिकटवला. पुढच्या आठवड्यात 14:50. मग 14:31. शर्यतीत ती बहुतेकदा मागेच असायची, पण फ्रिजवरचा आकडा उतरत होता. मेमध्ये लीगची, म्हणजे आमच्या शाळांच्या गटाची मोठी स्पर्धा झाली. तिथे पहिल्याला 10 गुण, मग 8, 6, 5, 4, 3, 2 आणि आठव्याला 1. ती 13:26 मध्ये आठवी आली. शाळा पाचव्या क्रमांकावर राहिली. तिच्या एका गुणाने त्यात काही फरक पडला नाही, पण बेरजेच्या कागदावर तो एक होता.

ही संधी मुलींना आपसूक मिळालेली नाही. 1972 मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगी म्हणून कोणाला डावलायचं नाही, असा. त्याच्या आदल्या वर्षी देशभरातल्या हायस्कूल संघांत मुलगे 36 लाखांच्या वर होते आणि मुली तीन लाखही नव्हत्या. आज त्या 30 लाखांहून जास्त आहेत, आणि सगळ्यात जास्त मुली खेळतात तो खेळ म्हणजे हाच ट्रॅक.

या दोन्ही खेळांचं नाव एका दमात घेतलं की मला जॅकी रॉबिन्सन आठवतो. 1947 मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरून मेजर लीगमधली, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा कृष्णवर्णीय खेळाडू तोच. पॅसाडीनाच्या शाळेत तो बेसबॉलही खेळायचा आणि लांब उडीही मारायचा. पुढे ज्युनियर कॉलेजात असताना, मे 1938 मध्ये, त्याने एका दिवशी 25 फूट साडेसहा इंच उडी मारून सख्ख्या भावाचा, मॅकचा विक्रम मोडला आणि तिथून निघून ग्लेन्डेलला बेसबॉलचा सामना खेळला. हा मॅक म्हणजे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 200 मीटरला जेसी ओवेन्सच्या मागे दुसरा आलेला धावपटू. आणि याच जॅकीची 1940 च्या विद्यापीठ हंगामातली बेसबॉलची सरासरी होती .097. दहा वेळा बॅट घेतली तर एकदाही धड लागत नाही, असा तो आकडा. मी तो कागदावर लिहून मुलाला दिला होता.

कारण माझ्या मुलाचं नाव नववीत यादीत नव्हतं. तो कागद त्याने तीन वेळा वाचला. मग बहिणीबरोबर ट्रॅकवर गेला, कारण तिथे यादी नव्हती. वर्षभर 100 मीटर धावला. खाली वाकून सुटायचं कसं, पहिली सहा पावलं छोटी का टाकायची, हे शिकला. पुढच्या वर्षी तो बेसबॉलला परत गेला आणि कोचनी घेतला. बॅट अजूनही लागत नव्हती, पण शाळेच्या बेसबॉलमध्ये एक नियम आहे, मला सगळ्या नियमांत तो सर्वात प्रिय आहे. पिचर किंवा कॅचर बेसवर पोचला की त्याच्या जागी दुसऱ्याला पळायला पाठवता येतं, कर्टसी रनर म्हणून. कॅचरला पुढच्या डावासाठी अंगावर संरक्षक साज चढवायला वेळ मिळावा, खेळ लांबू नये, म्हणून हा नियम. पण त्यात अट अशी, की पळायला जाणारा त्या सामन्यात तोवर खेळलेला नसावा. म्हणजे बाकावरचाच पोरगा उठवायचा.

एप्रिलमधला मंगळवार होता. आमचा कॅचर दुसऱ्या बेसवर पोचला, कोचनी बाकाकडे बघून बोट केलं. मी वहीत कॅचरच्या चौकोनात बारीक अक्षरात मुलाचा नंबर लिहिला. हात थरथरत होता, तो थंडीने नव्हे. पुढच्याने चेंडू उजवीकडे मागे टोलवला. मुलगा तिसरा बेस ओलांडून सुटला तो थांबलाच नाही, घराच्या बेसवर पाय पुढे टाकून घसरत आला. अंपायरने दोन्ही हात पसरले. सेफ.

सामना आम्ही 6-4 असा हरलो. रात्री मी मोरीत बसून त्याची पांढरी पॅन्ट साबणाने घासली. लाल मातीचा डाग मांडीपासून घोट्यापर्यंत होता, आणि गुरुवारी तीच पॅन्ट लागणार होती.