चित्रासमोर उभं कुठे राहायचं?

नमस्कार मंडळी. मला आज विषय दिलाय परदेशातली मोठी आर्ट म्युझियम्स, आणि हा विषय इतका अवाढव्य आहे की नुसती नावं वाचायला घेतली तरी आपला वेळ संपेल, म्हणून मी यादी वाचणार नाहीये. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, चित्राच्या मापाबद्दल. चित्र किती उंच, किती रुंद, आणि त्यामुळे त्याच्यासमोर आपण कुठे उभं राहायचं.

मला नेहमी विचारतात, अगं आता सगळी चित्रं फोनवर दिसतात, झूम केलं की रंगाला पडलेल्या भेगासुद्धा दिसतात, मग एवढा खर्च करून, विमानाचे तास, रांगेतले तास, सगळं सोसून तिथे जायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे, मी तो उडवून लावत नाही. फोनवर सगळं दिसतं, खरंच दिसतं, फक्त माप दिसत नाही. फोनवर प्रत्येक चित्र फोनएवढंच असतं.

पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसा बघायला जी गर्दी असते तिच्यात तुमच्यापैकी काहीजण उभे राहिले असतील. चित्र 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद, पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेलं, पुढे जाड काच, आणि आपल्यात आणि तिच्यात हात वर करून फोन धरलेली शे-दीडशे माणसं. बरेच लोक तिथून बाहेर पडताना म्हणतात, अगदीच छोटं आहे हो. पण त्याच दालनात, बरोबर समोरच्या भिंतीवर, म्हणजे त्या सगळ्या गर्दीच्या पाठीशी, लूव्रमधलं सगळ्यात मोठं पेंटिंग आहे आणि त्याच्याकडे लोकांची पाठ असते. व्हेरोनेझे या व्हेनिसच्या चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाच्या जेवणाचं, 1563 मध्ये पूर्ण झालेलं. उंची 6.77 मीटर, रुंदी 9.94 मीटर. शंभराच्या वर माणसं आहेत त्यात, वाढपी आहेत, वाजंत्री आहेत, कुत्री आहेत. आणि ते एवढं मोठं का, तर ते व्हेनिसच्या एका मठाच्या जेवणघरासाठी काढलेलं होतं, तिथल्या शेवटच्या भिंतीसाठी. खाली संन्यासी जेवायला बसायचे आणि वर भिंतीवर ही मेजवानी. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उतरवून पॅरिसला नेलं. हे कळलं की ते माप एकदम बोलायला लागतं, कारण ते माप त्या भिंतीचं आहे, त्या जेवणघराचं आहे. तर तिथे गेलात की मोनालिसा बघा, जरूर बघा, आणि मग मागे वळा, भिंतीला पाठ टेकेल इतके मागे जा आणि निदान दहा मिनिटं बघत राहा.

माप बदललं की चित्राचं काय होतं हे बघायचं असेल तर अॅमस्टरडॅमला राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं नाईट वॉच आहे. 1642 चं चित्र, शहराच्या पहारेकरी पथकाचं. 1715 मध्ये ते टाउन हॉलमध्ये हलवलं आणि तिथल्या भिंतीवर बसेना म्हणून चक्क चारही बाजूंनी कापलं. डावीकडून तर सुमारे 60 सेंटिमीटर गेलं, त्यात दोन अख्खी माणसं गेली. ते तुकडे परत कधी सापडले नाहीत. मूळ कसं होतं ते कळतं ते एका छोट्या नकलेमुळे, जी कापाकापीच्या आधीच कोणीतरी करून घेतली होती. आज तुम्ही समोर उभे राहता तेव्हा पुढचे दोघे, काळ्या पोशाखातला कप्तान आणि पिवळ्यातला लेफ्टनंट, चित्राच्या जवळजवळ मध्यावर दिसतात. मुळात ते उजवीकडे होते, म्हणजे सगळं पथक डावीकडून चालत येतंय, पुढे सरकतंय असं वाटायचं. एक पट्टी कापली आणि चाल मंदावली. मला हे कळल्यावर फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण माद्रिदचं, प्रादो म्युझियममधलं, वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचं लास मेनिनास. 1656 चं चित्र, 3 मीटरपेक्षा जास्त उंच, त्यामुळे त्यातली माणसं जवळजवळ आपल्याएवढी. मध्ये पाच वर्षांची राजकन्या, तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुली, त्यातली एक गुडघ्यावर बसून तिला तबकातून छोटासा लाल मातीचा कुंजा देतेय, उजवीकडे एक भलंमोठं सुस्त कुत्रं, आणि डावीकडे स्वतः चित्रकार, हातात ब्रश, समोर एक मोठा कॅनव्हास ज्याची आपल्याला फक्त मागची बाजू दिसते. मागच्या भिंतीवर आरसा, आरशात राजा आणि राणी. आता राजा-राणी आरशात दिसतायत म्हणजे ती बहुधा उभी असणार तिथेच जिथे आपण उभे आहोत. फोनवर हे कोडं समजतं, त्या दालनात ते अंगावर येतं, कारण माणसं खऱ्या मापाची आहेत आणि त्यातली बरीचशी तुमच्याकडे बघतायत.

मी आधी लांब उभी होते, दालनाच्या दाराशी. तिथून राजकन्येचा फ्रॉक चांदीसारखा चमकत होता, बाहीवरची जाळी, छातीवरचं लालसर फूल, सगळं स्पष्ट. मग मी एकेक पाऊल पुढे जात राहिले आणि एका ठिकाणी, साधारण दोन-अडीच पावलांवर, फ्रॉक मोडला. म्हणजे अक्षरशः मोडला हो, जाळी गेली, चांदी गेली, उरले करड्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे मोकळे फटकारे, इतके सैल की कोणी ब्रश झटकलाय असं वाटावं. एक पाऊल मागे, फ्रॉक परत आला. मी वीसेक मिनिटं तेवढंच करत होते, पुढे-मागे, पुढे-मागे. वेलास्केझने तो फ्रॉक कॅनव्हासवर अर्धाच रंगवलाय, उरलेला अर्धा आपला डोळा रंगवतो, आणि डोळ्याला ते काम करायला अंतर लागतं. हे झूममध्ये होत नाही, झूममध्ये एकतर फ्रॉक दिसतो नाहीतर फटकारे, मधलं ते पाऊल नसतं. शिवाय प्रादोमध्ये फोटो काढायला बंदी आहे आणि मी त्यांची आभारी आहे, कारण हात मोकळे असले की माणूस खरोखर बघतो.

आता थोडं व्यवहाराचं, कारण हे सगळं आत पोचल्यावरचं झालं. साप्ताहिक सुट्टी आधी बघा. एकाच पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद आणि ओर्से म्युझियम सोमवारी बंद, गल्लत इथेच होते. माझं स्वतःचं एकदा असं झालंय, एका शहरात दोनच दिवस होतो, ज्या म्युझियमसाठी एवढा वळसा घेतला त्याला पहिल्या दिवशी सुट्टी आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे स्लॉट गेलेले, बाहेरून इमारत बघितली आणि निघालो. तिकीट ऑनलाइन आणि वेळेचं काढा. मिलानला लिओनार्दोचं लास्ट सपर आहे, तेही एका मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर, तिथे थोडे थोडे लोक आत सोडतात आणि 15 मिनिटं देतात, दारंसुद्धा एकामागून एक उघडतात म्हणजे बाहेरची धूळ आत जाऊ नये, त्याचं बुकिंग खूप आधी संपतं. मोठी बॅग क्लोकरूममध्ये द्यावी लागते. काही म्युझियम्स आठवड्यातून एखाददोन दिवस रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, त्या संध्याकाळी सोन्यासारख्या असतात, टूरचे ग्रुप गेलेले असतात. आणि दोन तासांनंतर बसा. पाय दुखायला लागले की माणूस चित्र बघत नाही, बाक शोधतो. लूव्रमध्ये 30 हजारांच्या वर वस्तू मांडलेल्या आहेत, त्या सगळ्या बघायच्या हा हट्ट सोडा, नकाशावर पाच खुणा करा, पाच खूप झाल्या.

मगाशी एका काकांनी विचारलं की वयस्कर माणसांना न्यावं का, चालणं फार होतं. न्या, अगदी न्या. बहुतेक मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, लिफ्ट असते, काही ठिकाणी आधी कळवावं लागतं एवढंच. मी आईला घेऊन गेले होते, तिचे गुडघे तेव्हा अगदीच गेले होते, आणि खुर्चीवर बसायचं म्हटल्यावर ती आधी नाराज होती, म्हणाली, मला कोणी ढकलत नेलेलं नको. राइक्सम्युझियममध्ये आम्ही व्हर्मीर या डच चित्रकाराच्या दूध ओतणाऱ्या बाईपुढे गेलो. हे चित्र 45.5 सेंटिमीटर उंच आणि 41 रुंद, वहीची दोन पानं उघडली की एवढं होईल. 1660 च्या आसपासचं. बाई एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दूध ओततेय, टेबलावर पाव, डावीकडे खिडकी, बस. मी उभी राहून बघत होते आणि आई खुर्चीतून बघत होती, आणि ती म्हणाली, बाई चांगली धिप्पाड आहे गं, पर्वतासारखी उभी आहे. मला तशी वाटली नव्हती. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. आणि खरंच, त्या उंचीवरून बाई मोठी झाली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, व्हर्मीरने ती जरा खालून बघितल्यासारखी काढलीये, म्हणून ती एवढीशी जागा असूनही भव्य वाटते. मला हे कोणत्या ऑडिओ गाइडने सांगितलं नव्हतं, आईच्या खुर्चीने सांगितलं.

मग तिने ढकलत जवळ न्यायला लावलं, जेवढं जाऊ देतात तेवढं. पावावर रंगाचे बारीक बारीक ठिपके आहेत, उठावदार, खरपूस कवचावर ऊन पडावं तसे. आणि वर भिंतीकडे बघ म्हणाली. पांढऱ्या रिकाम्या भिंतीत एक खिळा ठोकलेला आहे, त्या खिळ्याला त्याची सावली आहे, आणि आजूबाजूला खिळे काढून घेतल्याची भोकं आहेत. एवढ्याशा चित्रात, जिथे कोणी बघणारही नाही तिथे, माणसाने खिळ्याची सावली रंगवली. आई म्हणाली, याला घाई नव्हती.

त्याच प्रवासात आम्ही पॅरिसला ओरांजरी म्युझियममध्ये गेलो, मोने या फ्रेंच चित्रकाराची कमळं बघायला, आणि इथे उभं कुठे राहायचं हा माझा प्रश्नच मिटला. मोनेने ही चित्रं फ्रान्सला देऊ केली ती 12 नोव्हेंबर 1918 ला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढची कितीतरी वर्षं तो त्यांच्यावर काम करत राहिला, मधे मोतीबिंदूने दिसेनासं झालं, 1923 मध्ये ऑपरेशन झालं, डिसेंबर 1926 मध्ये तो गेला आणि 1927 च्या मे महिन्यात ही दालनं उघडली. दोन लंबगोल खोल्या, आठ चित्रं, प्रत्येक सुमारे 2 मीटर उंच, सगळ्यांची लांबी मिळून 90 मीटरच्या वर, आणि भिंती वळलेल्या, त्यामुळे चित्रंही वळतात. वरून दिवसाचा उजेड झिरपतो. मधे 1960 च्या दशकात तिथे वरचा मजला चढवला होता आणि तो उजेडच अडला होता, 2006 मध्ये दुरुस्ती करून तो परत आणला, नशीब आपलं. वर ढग आला की तळं काळवंडतं, परत ऊन आलं की जांभळं, हिरवं, गुलाबी एकेक उमलतं. या चित्रासमोर उभं राहताच येत नाही, कारण समोर असं काही नाही, ते चहूबाजूंनी आहे.

मी आईला खोलीच्या मध्यावर, बाकाशेजारी नेलं आणि ब्रेक लावला. थोडा वेळ ती समोरचं बघत राहिली. मग म्हणाली, ब्रेक काढ आणि मला हळूहळू फिरव, जागच्या जागी. मी खुर्ची फिरवायला लागले, इतकी हळू की चाकांचा आवाजही येईना, पाणी, कमळं, विलोच्या लोंबत्या फांद्या, परत पाणी. एक फेरा झाला तेव्हा गार्ड बंद व्हायची वेळ झाली म्हणून लोकांना दाराकडे जायला सांगत होता. माझ्या हातावर हात ठेवून आई म्हणाली, थांबू नकोस, तो आपल्यापर्यंत येईस्तोवर अजून एक फेरा होतो.