एका ऋतूतला अल्बम

(दादर इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'गिटार पॉप आणि रूट्स रॉकचे नवे स्वतंत्र अल्बम'. त्यावर बोलणार आहे. रूट्स रॉक म्हणजे अमेरिकी लोकसंगीत, ब्लूज, कंट्री यांच्या मुळांवर उभा असलेला रॉक. पण आधी एक तक्रार आहे आणि ती तारांपासून सुरू होते, तेव्हा थोडा वेळ सांभाळून घ्या.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी चुकामूक नको. या संगीतात अल्बम एका ऋतूत, एका खोलीत, सलग बसून ध्वनिमुद्रित व्हावा. वर्षभर दर सहा आठवड्यांनी एकेक गाणं सोडायचं आणि शेवटी सगळ्यांची मोट बांधून त्याला अल्बम म्हणायचं, ही हल्लीची रीत गिटारच्या गाण्यांना मानवत नाही. सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या संगीताला मानवते, कारण सिंथला घाम येत नाही आणि तो फुगतही नाही.

समोर तबलावादक कोण कोण आहेत? हं, चार-पाच हात दिसतायत. जुलैतल्या मैफलीत पुडी उतरते म्हणून हातोडी हाताशी ठेवून बसणारे तुम्ही. तुम्हाला पुढचं सगळं दोन मिनिटांत कळेल. गिटारवाल्यांना ते पटवण्यात वर्षं जातात, कारण त्यांच्याकडे सूर लागला का ते दाखवणारा ट्यूनर असतो आणि ट्यूनरवर हिरवा दिवा लागला की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

अकूस्टिक गिटारची वरची पाटी, बहुतेक वेळा स्प्रूसची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. गिटार बनवणारे हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरून चालतात. मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८५ च्या वर सहज जाते. लाकूड पाणी पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. कडेने ते डकवलेलं असल्यामुळे पसरायला जागा नसते, म्हणून घोडीच्या मागे पोट वर येतं. पोटाबरोबर घोडी वर, घोडीबरोबर तारा वर. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) जाड तारेची उंची २.४ मिलिमीटर होती ती ३ च्या आसपास पोचते. एवढ्याने काय होतं? तार दाबायला जास्त खाली न्यावी लागते, ती ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा अगदी बरोबर, पहिल्या तीन फ्रेटपर्यंतचे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, चालवून घेण्याजोगे, आणि सातव्या फ्रेटच्या पुढे गेलं की सगळं आंबट. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर कॉर्डमध्ये पाच-सहा भागांची चूकही कानाला टोचते. ट्यूनरला हे विचारलंच जात नाही, कारण त्याच्यापुढे कायम मोकळी तार छेडली जाते.

सॉलिड पाटीची महाग गिटार यात जास्त भोगते, प्लायची स्वस्त गिटार कमी. म्हणजे पगार साठवून घेतलेलं वाद्य जुलैत रुसतं आणि धोबी तलावहून घेतलेलं पहिलं-वहिलं खोकं मजेत वाजत राहतं. हसा, पण पावसाळ्यात रेकॉर्ड करायचंच असेल तर तेच खोकं काढा, हा माझा खरा सल्ला आहे.

आता सेटअप, म्हणजे वाद्य नीट जुळवून घेणं. यात क्रमाला महत्त्व आहे आणि घोळ नेमका क्रमातच होतो. नव्या तारा आधी चढवायच्या, ज्या जाडीच्या अल्बममध्ये वाजणार त्याच. अकूस्टिकला १२-५३, इलेक्ट्रिकला १०-४६ हे बहुतेकांचं चालू माप, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. १० वर सेटअप करून रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री ११ चढवल्या की केलेलं सगळं पाण्यात. मग मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा, मान जिथे खोक्याला मिळते तिथे जाड तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांमधली फट बघा. साधारण पाव मिलिमीटर हवी; व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेतली धातूची सळी, उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे, आणि एका वेळी पाव फेराच. मग परत सूर लावून थोडं थांबायचं, लाकडाला बसायला वेळ द्यायचा. रॉड अडतोय असं वाटलं तर जोर करू नका, कारागिराकडे द्या. तुटलेल्या रॉडचा खर्च चार सेटअपना पुरतो.

मान झाली की तारांची उंची, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूरही खरा लागतो का ते. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर, वाजवायचा, मग तिथेच तार नेहमीच्या जोराने दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल, म्हणजे घोडीवरचा तारेचा टेकू, मागे न्यायचं, तार लांब करायची. उतरला तर पुढे. इलेक्ट्रिकवर स्क्रू-ड्रायव्हरने हे दहा-पंधरा मिनिटांत होतं. अकूस्टिकवर सॅडल एकसंध असतं, तिथे कानस लागते, म्हणून ते काम जाणकाराचं. इंटोनेशन आधी करून मग उंची बदलणारे महाभाग बरेच आहेत. त्यांनी दोन्ही कामं पुन्हा करायची.

आणि ती तिसरी तार, जी. गाण्याच्या मधेच उतरते किंवा चढते. शिव्या खुंटीला पडतात, दोष बहुधा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेचा असतो. तार खाचेत अडकते, आणि बेंड केली, म्हणजे बाजूला ओढली, की सुटून भलत्याच ताणावर बसते. सूर लावताना 'टिंग' असा बारीक आवाज आला तर ओळखा. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत दोनदा फिरवा, खर्च शून्य. नव्या तारा हाताने मधोमध धरून हलक्या ओढा, सूर लावा, पुन्हा ओढा, तीन-चार वेळा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवलेल्या तारा सगळ्यात बऱ्या. मुंबईचा घाम आणि खारी हवा यांत साध्या ब्राँझच्या तारा लवकर मरतात, म्हणून वाजवून झालं की फडक्याने पुसणं. नुसतं वरून नाही, तारेच्या खालूनही. रूट्स रॉकवाल्यांना किंचित मेलेल्या तारांचा आवाज आवडतो आणि त्यात गैर काही नाही. फक्त दहाही गाण्यांत त्या सारख्याच मेलेल्या असाव्यात.

आता खोली. मुंबईतल्या घरगुती रेकॉर्डिंगची खोली म्हणजे दहा बाय दहा. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर धरला तर दोन समोरासमोरच्या भिंतींत पहिली घुमणारी लहर ५७ हर्ट्झला, दुसरी ११४ ला. खोली चौरस, म्हणून लांबीची आणि रुंदीची घूम एकाच ठिकाणी येऊन चढते. छत साडेनऊ फुटांचं असेल तर तीही जवळपास तिथेच. आणि गिटारची पाचवी तार, मोकळी ए, किती? ११० हर्ट्झ. म्हणून घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ए कॉर्ड आला की मांडवातल्या स्पीकरसारखा भुंकतो आणि डी आला की गप्प होतो. त्यात गिटारच्या पोटातल्या हवेची घूमही साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असते, आणि मंडळी माइक नेमका भोकासमोर लावतात!

माइक बाराव्या फ्रेटकडे रोखा, २५ ते ३० सेंटिमीटरवर. वाजवणारा खोलीच्या मधोमध नको आणि कोपऱ्यात तर नकोच. मधून बाजूला सरकवा, पाठीमागे कापसाची गादी उभी करा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी खालची घूम तिळभरही कमी होत नाही, फक्त वरची चकाकी थोडी विस्कटते आणि झुरळांची सोय होते. घूम खायला जाडी लागते, चार इंचांच्या रॉकवूलचे तक्ते कोपऱ्यांत. तेवढी जागा नसेल तर ज्या खोलीची लांबी-रुंदी सारखी नाही ती निवडा. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराबाहेरचा पॅसेज बेडरूमपेक्षा चांगला वाजतो. कुकर मात्र बंद हवा.

इलेक्ट्रिकला गुणगुण येत असेल तर आधी अर्थिंग बघा. दोन पिनांचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा, गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, सिंगल कॉइलचा असेल तर खुर्ची हळूहळू फिरवून जिथे गुणगुण सगळ्यात कमी तिथे थांबा. हे फुकट आहे. याऐवजी बारीक आवाज कापणारा नॉइज गेट लावला की सुराची शेपटीच कापली जाते.

माझी तक्रार इथे आहे. हे सगळं दोन दिवसांचं काम. ते टाळून लोक प्लगइनवर, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पैसे घालतात आणि 'मिक्समध्ये बघू' म्हणतात. काय बघणार मिक्समध्ये? कॉर्डमधली एकच तार चढी असेल तर ती वेगळी काढून उतरवणारं सॉफ्टवेअर मिळतं, कबूल, पण आघाताचा कणखरपणा त्यात जातो. डबल ट्रॅकचंही तसंच. डावीकडे एक गिटार, उजवीकडे दुसरी, ही गिटार पॉपची जान. ती दोनदा वाजवायची असते. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर काही रुंद होत नाही, तो मधोमध मोठ्याने वाजतो. त्यातला एक वीस मिलिसेकंद मागे ओढला तर रुंद भासतो, पण मोनोमध्ये, म्हणजे एकाच स्पीकरच्या फोनवर किंवा रिक्षातल्या स्पीकरवर, दोन्ही एकमेकांना खातात आणि गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, म्हणजे अल्बम.

जुलैतली ओली गिटार मंद वाजते, जानेवारीतली तीच गिटार खुलते. जुलैचं गाणं इक्वलायझरने उजळायला जावं तर बोटांचा चरचराट आणि माइकची सळसळ वर येते. मार्चमध्ये तारा वेगळ्या, ऑक्टोबरात खोली वेगळी. अशी दहा गाणी एकामागून एक लावली की कान दर चार मिनिटांनी नव्याने जुळवून घेत बसतो. सुटी गाणी सोडण्याचं कारण मला कळतं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एका वेळी एकच अप्रकाशित गाणं पाठवता येतं, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मानधनच नाही. मग एकेक गाणं पुढे करा, जरूर करा. पण ध्वनिमुद्रण एकदम करा आणि सोडा मागाहून. डिसेंबर ते फेब्रुवारी मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. ड्रम, बास आणि मूळ गिटार त्या काळात सलग दहा-बारा दिवसांत उरका. गायन मेमध्ये झालं तरी बिघडत नाही.

बाहेरचे दाखले भरभर देतो. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' न्यू जर्सीत घरच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर केला. मग बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली आणि शेवटी ती कॅसेटच छापली. 'द बँड' नावाच्या रॉक गटाचा १९६९ चा दुसरा अल्बम हॉलिवूडमध्ये भाड्याने घेतलेल्या बंगल्यातल्या पूल-हाउसमध्ये झाला. जाता जाता, अमेरिकेच्या मातीतलं म्हणून गाजलेल्या त्या बँडचे पाचांतले चार कॅनडाचे होते. त्यामुळे रूट्स रॉक गिरगावात होणार नाही असं कोणी म्हणू नये.

नव्यांत अमेरिकन गायक-गिटारवादक एमजे लेंडरमनचा २०२४ चा 'मॅनिंग फायरवर्क्स' घ्या. दौऱ्यांच्या मधल्या सुट्टीत चार-चार दिवस काढून केलेला, म्हणजे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध. पण स्टुडिओ एकच, नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचा. ऋतू साधला नाही तरी खोली साधली. वॉक्साहॅची या नावाने गाणाऱ्या अमेरिकन गायिकेचा त्याच वर्षीचा 'टायगर्स ब्लड' टेक्ससच्या सोनिक रँच या स्टुडिओत झाला. तिथली हवा कोरडी, त्यांना पाटी फुगण्याऐवजी तडकण्याची धास्ती. आणि बिग थीफ या बँडचा २०२२ चा वीस गाण्यांचा दुहेरी अल्बम चार ठिकाणी चार ध्वनिमुद्रकांकडे झालाय. तो पुढे करून तुम्ही मला अडवाल, म्हणून आधीच सांगतो: प्रत्येक ठिकाणी बँड मुक्कामाला राहिला आणि एकत्र बसून वाजला. चार जागा, चार रंग, आणि ते ऐकू यावेत हीच योजना. आपल्याकडे रंग बदलतात ते घरमालकाने भाडं वाढवलं म्हणून.

क्रमाबद्दल एवढंच. रेकॉर्ड छापायची असेल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर जाऊ नका, आवाज बारीक करावा लागतो. आतल्या चाकोऱ्यांत वरचे सूर फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवा, झांजांचा धुमाकूळ सुरुवातीला. मास्टरिंगला, म्हणजे शेवटच्या ध्वनिसंस्काराला, दहाही गाणी एकत्र आणि क्रमाने द्या, सुटी सुटी देऊ नका, नाहीतर मऊ गाणंही ओरडायला लागतं. अल्बम सलग ऐकला तर स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांचा आवाज एकाच मापाने वरखाली करतं, त्यांच्यातला उंच-सखलपणा टिकतो. शफल लावलं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावली, की प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं आणि तो सपाट होतो. तेव्हा घरी जाऊन यांतलं काही ऐकणार असाल तर शफल बंद करा. प्रश्नांना चार मिनिटं आहेत. अर्थिंगबद्दल विचारणाऱ्या त्या मागच्या काकांना आधी माइक द्या.