शेताच्या बांधावर बसून लँडस्केप करताना

नमस्कार मंडळी. मागं बसलेल्या पोरांनी पुढं या की, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेत विषय 'निसर्गचित्रण' असा छापलाय, पण त्यात सगळंच येतं, कॅलेंडरवरचा बर्फाचा डोंगरसुद्धा येतो, म्हणून मी आज फक्त जाग्यावर बसून, समोर बघत केलेल्या लँडस्केपबद्दल बोलणार आहे. आपण ज्याला ऑन द स्पॉट म्हणतो ते. आपल्या बेळगाव-खानापूर भागात हे काम कमी होत चाललंय, स्पर्धेचं नाव 'स्पॉट पेंटिंग' असतं आणि पोरं झाडाखाली बसून मांडीवरच्या फोनमधला फोटो बघून रंगवत असतात. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पोरांच्या हातात कसब आहे, वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, छान टाकतात, ब्रश चालतो, फक्त डोळा वापरायची सवय लागलेली नाही.

फोटोत बिघडतं काय ते आधी सांगतो. संध्याकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहून खाली बघा, जवळची शेतं, मग झाडांच्या रांगा, मग लांब शहराच्या इमारती, आणि जसजसं लांब जाल तसतसं सगळं फिकट आणि निळसर होत जातं, कारण मधे हवा आहे, त्यात धूळ आहे, ओलावा आहे. चित्रात लांबी येते ती ह्या फिकटपणामुळं. फोन काय करतो, तर लांबची इमारत 'क्लिअर' दिसावी म्हणून कडा धारदार करतो, सावलीतलं दिसावं म्हणून सावली उजळ करतो, हिरवा जास्त हिरवा करतो, आणि संध्याकाळचा पिवळा उजेड त्याला चूक वाटली तर तो पण दुरुस्त करून टाकतो. म्हणजे तुम्ही रंगवायच्या आधीच कुणीतरी निर्णय घेऊन मोकळा झालाय, आणि तुम्ही त्याचे निर्णय कॉपी करताय. आठवणीसाठी फोटो काढा, त्याला माझी ना नाही. पण रंग त्याच्याकडून घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. बाहेर बसल्यावर तुम्ही जागा रंगवत नसता, त्या जागेवरची एक वेळ रंगवत असता. हे ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मी चित्रं इथंच फसतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तास बसलात तर ३० अंश सरकला, म्हणजे सुरुवातीला जी भिंत सावलीत होती ती उन्हात आली, आणि तुम्ही डावीकडचं झाड आठच्या उजेडात काढलं नि उजवीकडचं घर दहाच्या उजेडात, तर चित्रात दोन सूर्य होतात आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दहा-पंधरा मिनिटात सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं धरून टाकायच्या, हलकासा एक टोन भरायचा, आणि नंतर समोर ऊन कितीही सुंदर पडू दे, ते घ्यायचं नाही. मोह होतो बघा, ढगातून एकदम ऊन येतं आणि आंब्याचा शेंडा पेटतो, हात आपोआप पिवळ्याकडं जातो. त्यासाठी दुसरा कागद घ्या. जुना तसाच ठेवा.

ह्यात आपल्या भागाचं एक खास गणित आहे, ते तुम्हाला पुण्या-मुंबईच्या पुस्तकात मिळणार नाही. बेळगाव उत्तर अक्षांशावर सोळा अंशाच्या जरा अलीकडं आहे. त्यामुळं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. दुपारी म्हणजे बाराला नव्हे, आपल्याकडं साडेबाराच्या आसपास. त्या वेळी झाडाची सावली झाडाच्या पोटात शिरते, भिंतीला सावलीच पडत नाही, कौलांच्या वळचणीखाली एक काळी पट्टी तेवढी राहते, आणि सगळं सपाट दिसतं. मे महिन्यात चित्र करायचं तर सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर. उलट डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात काय होतं, तर भर दुपारीसुद्धा सूर्य ५१ अंशाच्या वर चढत नाही, म्हणजे २० फुटी झाडाची सावली निदान १६ फूट तरी उत्तरेला पडलेलीच असते. हिवाळ्यात दिवसभर आकार मिळतात. सुट्टी आहे म्हणून मे महिन्यात शिबिरं घ्यायची पद्धत आहे, पण खरं तर नवीन पोरांना नोव्हेंबर-डिसेंबरात बाहेर काढायला पाहिजे, तेव्हा भाताची सुगी पण असते आणि उजेड पण शिकवायला उभा असतो.

सावलीच्या रंगाबद्दल दोन शब्द बोलतो. खानापूर रोडच्या लाल मातीवर फणसाची सावली पडलीय असं समजा. बहुतेक जण लाल रंगात काळा मिसळतात आणि तिथं खड्डा पडल्यासारखं दिसतं. सावलीच्या जागेवर सूर्याचा थेट उजेड पोचत नाही पण वरच्या निळ्या आकाशाचा उजेड पोचतोच की, म्हणून ती माती जांभळट दिसते. बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरीत, थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, घाला आणि बघा. आणि हे आकाश निरभ्र असताना, जुलैत आभाळ भरलेलं असताना हा जांभळा शोधत बसाल तर तो तिथं नसतो.

हिरव्यावर मला जरा जास्त वेळ पाहिजे, कारण आपण हिरव्यातच राहणारी माणसं. पावसाळ्यात उचगाव, सुळगा, कंग्राळी ह्या बाजूला गेलात तर समोर सगळं हिरवं, आणि पोरं ट्यूबमधला हिरवा काढून सगळीकडं एकच फासतात. नीट बघा. नुकत्या लावलेल्या भाताच्या रोपाचा हिरवा पिवळ्याकडं झुकतो, ऊस निळसर-राखाडी, आंबा जवळजवळ काळपट, नीलगिरी तर हिरव्यापेक्षा राखाडीच जास्त. रोपाला लेमन यलो आणि किंचित निळा पुरतो. आंब्याला विरिडियनमध्ये, म्हणजे निळसर हिरव्यात, बर्न्ट सिएना घाला, इतका छान खोल हिरवा मिळतो की काळ्याची गरज लागत नाही. आणि खात्री नसेल तर राखाडी पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडून त्यातून एकेक जागा बघायची, शेजारचा रंग झाकला की खरा रंग कळतो. भात आणि लाल बांध शेजारी असले की हिरवा जास्त हिरवा वाटतो आणि बांध जास्त लाल, दोन्ही एकमेकांना चढवतात. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्ये ह्यावर मोठा ग्रंथच लिहिला, तो काम करायचा गालिच्याच्या कारखान्यात, आणि तिथल्या धाग्यांचे रंग फिके वाटतात अशी तक्रार आली होती. धागा चांगला होता, शेजारच्या धाग्यामुळं तो तसा दिसत होता.

एक प्रसंग सांगतो. जुलैत आम्ही काही जण उचगावच्या अलीकडं एका बांधावर बसलो होतो, रोप लावण नुकती झालेली. गवताचा भारा घेऊन एक आजी चालल्या होत्या, त्या थांबल्या आणि आमच्यातल्या एका पोराच्या चित्राकडं बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाळ, ह्या वाफ्यात पाणी उभं हाय का सुटलंय? तू काढलेल्यात कळंना झालंय." आम्ही सगळे गप्प झालो. मग त्या पोरानं मान खाली करून पंधरा मिनिटं नुसतं बघितलं. पायाजवळच्या दोन-तीन ओळीत वरून बघितल्यामुळं पाण्याखालचा चिखल दिसत होता, तपकिरी. जरा पुढं, दहा-पंधरा हातावर, ओळींच्या मधे आभाळ चमकत होतं, पांढरट-करडं. आणि त्याच्यापलीकडं ओळी एकमेकीत मिसळून पाणी पूर्ण झाकलं गेलं होतं, नुसता पिवळसर हिरवा. एकाच वाफ्यात तीन पट्टे. त्यानं मागचा हिरवा ओला करून पुसून घेतला, मधे कागद मोकळा सोडला, खाली तपकिरी ओढला, आणि वाफा आडवा पडला, म्हणजे जमिनीवर टेकला. आजी तोवर निघून गेल्या होत्या. शेजारच्या शेतातले मामा कन्नडमधून "छलो ऐती", म्हणजे छान आहे, असं म्हणाले. शेती करणारा माणूस चित्रात पहिल्यांदा काय शोधतो हे ऐकत जा, हा माझा आग्रह आहे.

इतिहासाचं थोडक्यात सांगतो. बाहेर बसून तेलरंगात काम करणं सोपं झालं ते ट्यूबमुळं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे, ती फुटायची, रंग वाळायचा. जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकारानं १८४१ मध्ये पत्र्याच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. पुढं मोने हा फ्रेंच चित्रकार गवताच्या गंज्यांसमोर अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, आणि त्यातली १५ चित्रं १८९१ मध्ये पॅरिसला एकत्र मांडली. सुगीनंतर पिंजराच्या गंज्या आपल्याकडं पण लागतात, वडगाव-येळ्ळूर शिवारात जाऊन बघा. त्याच्याही आधी इंग्लंडात कॉन्स्टेबल नावाचा चित्रकार १८२१-२२ च्या सुमारास नुसते ढग रंगवत होता आणि कागदाच्या मागं तारीख, वेळ, वारा कुठला ते लिहून ठेवायचा. ही सवय मी तुम्हा सगळ्यांना लावणार आहे. एप्रिलमध्ये वळिवाच्या आधी दुपारी ढग चढायला लागतात तेव्हा अर्ध्या तासात तीन-चार छोटे स्केच करा आणि मागं वेळ लिहा.

आणि लांब कशाला जायचं. कोल्हापूरला आबालाल रहिमान होते, १९३१ साली गेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा माणूस रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ ह्याच परिसरात बघत राहिला आणि रंगवत राहिला. आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णी सर होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्याकडं शिकले. ही परंपरा आपल्या दारातली आहे, तिला मुंबईची परवानगी लागत नाही.

पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. गोकाकचा धबधबा, घटप्रभा तिथं साधारण ५२ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात जाऊन आलेली पोरंसुद्धा तो पांढरा रंगवतात, कारण धबधबा पांढरा असतो असं डोक्यात बसलंय. जुलै-ऑगस्टात ते पाणी दुधाच्या चहासारखं असतं हो! वरून येताना सगळी माती घेऊन येतं. पांढरं फक्त जिथं आपटतं तिथं, आणि तेही तुषारामुळं. डोळ्यासमोर तपकिरी असताना हात पांढऱ्याकडं जातो, इतकी डोक्यातल्या चित्राची ताकद असते, आणि ती मोडायला जाग्यावर बसण्याशिवाय दुसरा उपाय मला माहीत नाही.

सामानाचं विचारलं कुणीतरी. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, घ्या, लहान आकाराचा घ्या, पोस्टकार्डाएवढा चालेल. पावसाळ्यात वॉश वाळतच नाही, जांबोटी-कणकुंबीकडं तर ओल्यावर ओलं होत राहतं, तिथं चारकोल किंवा पोस्टर कलर बरा. मार्चमध्ये उलट, वारं असं कोरडं की वॉश ओढेपर्यंत कड धरते, तेव्हा कागद दोन्ही बाजूनं भिजवून बोर्डवर ठेवा. बोर्डवर थेट ऊन घेऊ नका. उन्हात कागद इतका चमकतो की तुम्ही सगळे रंग गडद लावता आणि घरी आणल्यावर चित्र काळं दिसतं. कॅम्पात बसायचं असेल तर जुनी झाडं, कौलारू बंगले सुरेख आहेत, पण तो मिलिटरीचा भाग आहे, गेटजवळ बसू नका, आधी विचारा. शेतात बसताना पण मालकाला विचारायचं, मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये विचारा, कुणी नाही म्हणत नाही, उलट बसायला पोतं देतात.

आता त्या मुलीनं विचारलं की सर, चित्र पूर्ण झालं हे कसं कळायचं. तुम्ही ठरवलेला उजेड गेला की चित्र थांबलं. आकाश राहिलं असेल तर राहू दे, कोपरा कोरा असेल तर असू दे. घरी आणून कोपरा भरायला बसलात की तुम्ही परत डोक्यातलं झाड काढणार, पानं मोजून काढणार, आणि बांधावर जे धरलं होतं ते त्या पानांखाली जाणार. तेच पूर्ण करायचं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिथंच जाऊन बसा, आभाळ तसंच असेल तर.

रविवारी किल्ला तलावाच्या काठावर सकाळी साडेसहाला भेटूया, वारं सुटायच्या आत प्रतिबिंबाचा अभ्यास करायचा आहे, उजळ वस्तूचं प्रतिबिंब जरा गडद आणि गडद वस्तूचं जरा उजळ कसं पडतं ते तिथं दाखवतो. बोर्ड आपापला आणा आणि पाण्याचे डबे दोन आणा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. फोन आणलात तर पिशवीत ठेवायचा.