पक्ष्यांचा मलेरिया

श्रोतेहो, नमस्कार. डासामुळे मलेरिया होतो, हे आपण शाळेतच शिकतो. मात्र डासाच्या पोटापासून लाळग्रंथीपर्यंतचा मलेरियाच्या परजीवीचा सगळा प्रवास रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कोलकात्यात उलगडला, तो पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून. संसर्ग झालेले डास निरोगी चिमण्यांना चावले आणि त्यांच्या रक्तातही परजीवी दिसू लागले.

रानपक्ष्यांच्या रक्तात असे परजीवी सर्रास आढळतात. मलेरियाचा परजीवी प्लाझ्मोडियम डासांतून येतो, तर त्याचा नातलग ल्युकोसायटोझून वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माश्यांतून. म्हणजे पक्ष्याला कोणता परजीवी गाठणार, हे बऱ्याच अंशी जवळचं पाणी ठरवतं. पहिला ताप सोसून वाचलेल्या पक्ष्यात परजीवी अनेकदा वर्षानुवर्षं दबून राहतो आणि विणीच्या हंगामात, नेमके कीटक वाढतात तेव्हा, पुन्हा डोकं वर काढतो. पक्षी दिसतो ठणठणीत. पण स्वीडनमधल्या ग्रेट रीड वॉर्बलर पक्ष्यांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की असा जुना संसर्ग असलेले पक्षी कमी जगतात आणि त्यांची पिल्लंही कमी होतात.

तरी ही पक्षी आणि परजीवी यांची जुनी ओळख झाली. जिथे ओळखच नव्हती, तिथे काय झालं? हवाई बेटांवर मुळात डासच नव्हते. 1826 च्या सुमारास ते जहाजांतून पोचले, पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर मलेरियाही आला. तिथल्या लालभडक ईवी पक्ष्याला प्रयोगात संसर्गित डासाचा एकच चावा पुरला. दहातले नऊ दगावले. आज ईवी उरलाय तो मुख्यतः उंच डोंगरांवर, कारण साधारण 13 अंश सेल्सिअसखाली हा परजीवी डासात वाढूच शकत नाही. थंडी हेच त्याचं कवच, आणि हवामान तापतंय तसं ते वर वर सरकतंय. डोंगराला तर माथा असतो! त्यात मोकाट डुकरं वृक्षनेच्यांची, म्हणजे झाडासारख्या वाढणाऱ्या नेच्यांची, खोडं पोखरतात, त्या पोकळ्यांत पाणी साचतं आणि डासांची सोय होते. मला वाटतं, इथे पक्ष्याला औषध शोधण्याआधी डासाचं पाणी शोधायला हवं.

सखल भागातला अमाकिही हा पक्षी मात्र या रोगासह जगायला शिकू लागलाय. बाकीच्यांना तेवढी सवड नाही. म्हणून 2023 पासून माउई बेटावर वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडले जातात. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी मीलन झालेल्या रानटी माद्यांची अंडी उबत नाहीत.