ब्रेकर पडत नाही, लग मात्र जळतो

मित्रहो, कुंडई-वेर्ण्याचे कारखाने, कळंगुट-कोलव्याची हॉटेले आणि पणजीतल्या सोसायट्या यांची वीजव्यवस्था सांभाळणारी मंडळी समोर बसलेली असल्यामुळे प्राथमिक गोष्टी मी वगळतो आणि थेट एका प्रश्नाकडे येतो. पॅनलमधला लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवून बोल्टने जोडला जाणारा धातूचा तुकडा, काळा पडतो, केबलचे आवरण वितळते, तरीही ब्रेकर का पडत नाही, म्हणजे वीज का तोडत नाही? ब्रेकरला कळतो तो प्रवाह, आणि जोड सैल झाल्याने प्रवाह वाढत नाही. झालाच तर किंचित कमी होतो. 100 अँपिअर वाहत असताना एखाद्या जोडाचा रोध 1 मिलिओहम झाला, तर तेथे विद्युतदाब अवघा 0.1 व्होल्टने उतरतो, जो पॅनलवरच्या मीटरवर कोणाच्याही लक्षात येणार नाही. पण अंगठ्याएवढ्या त्या जागेत 10 वॅट उष्णता अखंड निर्माण होत राहते. तोच जोड 50 मायक्रोओहमचा (0.05 मिलिओहम) असता, तर ती अर्धा वॅटच राहिली असती.

रोध वाढतो कशामुळे, हे नीट समजून घेतले पाहिजे. घट्ट आवळलेले दोन पृष्ठभागही सर्वत्र टेकत नाहीत. सूक्ष्म उंचवट्यांच्या मोजक्या ठिकाणीच धातूला धातू भिडतो आणि सारा प्रवाह तेवढ्यातूनच जातो. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा कठीण, वीजरोधक थर चढतो. त्यातच तापमान एका अंशाने वाढले की अ‍ॅल्युमिनियम दर दहा लाख भागांत सुमारे 23, तांबे 17 आणि पोलादी बोल्ट 12 भाग प्रसरण पावतो. भार वाढला की बोल्टापेक्षा अधिक फुगू पाहणारे अ‍ॅल्युमिनियम चेपले जाते, भार उतरल्यावर ते मूळ जाडीवर परत येत नाही, आणि जोडावरचा दाब दर फेऱ्याला थोडा कमी होत जातो. मग स्पर्शबिंदू घटतात, उष्णता वाढते, ऑक्साइड चढतो आणि उष्णता आणखी वाढते.

आपल्या किनारपट्टीवर याला खाऱ्या हवेची जोड मिळते. अ‍ॅल्युमिनियम केबलीवर तांब्याचा साधा लग दाबलेला असेल आणि त्यात खारट ओलावा शिरला, तर दोन धातूंमध्ये एक छोटा विद्युत घटच तयार होतो व त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. बायमेटल (दोन्ही धातू आधीच जोडलेला) लग किंवा कथील चढवलेला लग यासाठीच असतो. तो महाग आहे म्हणून टाळण्याची आपल्याकडची सवय मला मुळीच पटत नाही.

आता निदानाकडे वळू. उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याच्या चित्रात सर्वांत तप्त जागा जोडावर असून केबलीवरून पुढे जाताना तापमान उतरत गेले, तर दोष जोडाचा. केबल सगळीकडे सारखीच तापली असेल, तर भार जास्त आहे किंवा केबल बारीक आहे. आर, वाय आणि बी या तीन फेजांवर (वीज आणणाऱ्या तीन तारांवर) भार सारखा असताना एकीचा जोड इतर दोघींपेक्षा गरम असणे ही मोठी खूण, मात्र टोंग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक फेजचा प्रवाह मोजल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. तिन्ही फेज ठीक असून न्यूट्रल (परतीची तार) तापत असेल, तर एलईडी आणि यूपीएसच्या हार्मोनिक्सचा, म्हणजे प्रवाहात मिसळणाऱ्या जादा वारंवारतांचा, संशय घ्यावा.

कॅमेरा दोन ठिकाणी हमखास फसवतो. चकचकीत तांबे स्वतःची उष्णता फारच कमी उत्सर्जित करते आणि समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंब दाखवते, त्यामुळे खूप तापलेला बसबारही (पॅनलमधली वीज वाहणारी धातूची पट्टी) चित्रात थंड दिसू शकतो; म्हणून वीज बंद असताना त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवावा आणि नंतर भारावर त्या तुकड्याचे तापमान वाचावे. दुसरे म्हणजे, अ‍ॅक्रिलिकच्या झाकणातून कॅमेरा टिपतो ते अवरक्त (उष्णतेचे) किरण पलीकडे येत नाहीत. कॅमेरा झाकणाचेच तापमान सांगतो. भाराचाही विचार हवा. जोडाची तापमानवाढ साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे निम्म्या भारावर 10 अंश जास्त दिसलेला जोड पूर्ण भारावर 40 अंशांच्या आसपास जाऊ शकतो. हॉटेलांत पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना उरकलेली तपासणी त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी ठरते. ती डिसेंबरच्या अखेरीस, संध्याकाळी करावी, जरी त्या दिवसांत व्यवस्थापकाला आपण नकोसे वाटत असलो तरी. पीव्हीसी आवरणाच्या केबलची सततची मर्यादा 70 अंश आणि एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीन) आवरणाच्या केबलची 90 अंश असते, हे ध्यानात ठेवूनच आकडे वाचावेत.

दोष सापडला की स्पॅनर घेऊन आवळायचे, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. तो चुकीचा आहे. तापून खराब झालेला पृष्ठभाग आवळल्याने सुधारत नाही, आणि अति आवळल्याने अ‍ॅल्युमिनियम अधिकच चेपते किंवा बोल्ट ताणला जातो. वीज बंद करून, ती बंद असल्याची टेस्टरने खात्री करून जोड उघडावा, रंग बदललेला लग आणि जळालेली केबल निरोगी धातू लागेपर्यंत कापून टाकावी, ब्रशने ऑक्साइड काढून लगेच जॉइंटिंग कंपाउंड (ऑक्साइड पुन्हा चढू न देणारा लेप) लावावे, योग्य डायने (साच्याने) नवा लग क्रिंप करावा, म्हणजे केबलीवर दाबून बसवावा, आणि उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) टॉर्क रेंचने बोल्ट बसवावा. मग नटापासून बसबारपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. ती तुटली तर नट फिरला. मात्र चेपल्यामुळे दाब गेला असेल, तर ते रेघेवरून कळणार नाही, म्हणून भार आल्यावर पुन्हा एकदा चित्र घ्यावे आणि त्याच्यासोबत त्या वेळचा तिन्ही फेजांचा प्रवाह लिहून ठेवावा.